शून्य मिलिमीटरचा हिशेब

2023 चा ऑगस्ट कोकण किनाऱ्यावर कुणाला आठवत असेल, तर तो उन्हासाठी. अधिक मास धरून श्रावण दोन महिन्यांचा होता आणि त्यातला बराचसा काळ छत्री घरात ठेवून निघालं तरी चालण्यासारखा होता. जुलैमध्ये देशभरात सरासरीपेक्षा 13 टक्के जास्त पाऊस झाला होता. ऑगस्टमध्ये तो 36 टक्के कमी पडला. 1901 पासूनच्या नोंदींत इतका कोरडा ऑगस्ट दुसरा नाही. मग सप्टेंबरने थोडा हात दिला आणि हंगामाच्या शेवटी हिशेब निघाला 94 टक्के. शंभराला सहा कमी. हा आकडा वाचून कुणाची झोप उडणार नाही. पण सिन्नर-येवल्याकडच्या मक्याने आणि सोयाबीनने तो हंगाम सरासरीने काढला नव्हता. त्यांच्या वाट्याला नेमके दाणे भरण्याच्या वेळचे कोरडे दिवस आले होते.

मुंबईच्या बातम्यांमध्ये अशा दिवसांना ‘पावसाची विश्रांती’ म्हणतात. शब्द मोठा लोभस आहे. किनाऱ्यावरच्या माणसाला आठ दिवस ऊन पडलं की कपडे वाळतात, लोकल वेळेवर धावतात, रस्त्यावरचे खड्डे बुजवायला महापालिकेला सवड मिळते (बुजवले जातात की नाही, हा वेगळा विषय). आपण नाशिककर त्याच वाहिन्या बघतो आणि तीच विश्रांती आपलीही समजून घेतो. माझं म्हणणं असं, की किनाऱ्यावरची उघडीप ही नाशिक जिल्ह्यासाठी अतिवृष्टीइतकीच मोठी घटना आहे, आणि ती मोजायची, जाहीर करायची, जपून ठेवायची आपली व्यवस्था फार कच्ची आहे. पाऊस पडला की आपण मोजतो. न पडलेला पाऊस मोजायची आपल्याला सवयच नाही.

किनाऱ्याचा आणि आपला संबंध नकाशावर सहज दिसतो. नाशिक आणि डहाणू जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत, विसाव्या अंशाच्या आसपास. मधलं सरळ अंतर एकशे दहा किलोमीटर. पावसाळ्यातले वारे पश्चिम-नैऋत्येकडून येतात, म्हणजे आपल्या वाट्याचं बाष्प पालघर-ठाण्याच्या किनारपट्टीवरूनच सह्याद्री चढतं. मान्सूनचा आस, म्हणजे उत्तर भारतावरून जाणारा कमी दाबाचा लांब पट्टा, जागेवर असतो, किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झालेला असतो, तेव्हा ढग घाटाला धडकतात आणि इगतपुरी-त्र्यंबकेश्वरला पाऊस कोसळतो. दारणा आणि गंगापूर धरणं भरतात ती याच पावसावर. आस हिमालयाच्या पायथ्याकडे सरकला की वाऱ्याचा जोर ओसरतो, किनाऱ्यावरचा पट्टा विरतो आणि डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत ऊन पडतं. त्याच दिवसांत आपल्या धरणांमधली आवक आटत जाते. मुंबईच्या बातम्यांपेक्षा डहाणूच्या वेधशाळेचा आकडा आपल्याला जास्त सांगून जातो. नाशिकच्या किती लोकांनी तो कधी बघितला असेल, कोण जाणे.

यात एक गोष्ट अशी आहे जिच्यावर सगळा वाद उभा आहे. मान्सून जोरात असतो तेव्हा पाऊस विस्तीर्ण पट्ट्यावर सारखा पडत असतो. घाटमाथ्यावर धो धो, शहरात संततधार, निफाडकडे रिमझिम. प्रमाण बदलतं, पण शेजारच्या दोन गावांमध्ये फार तफावत नसते. अशा वेळी महसूल मंडळात, म्हणजे दहा-पंधरा गावांत मिळून, एक पर्जन्यमापक असला तरी काम भागतं. उघडिपीत हे चित्र उलटतं. जमीन तापते, दुपारनंतर एखादाच ढग वर चढतो आणि एका शिवारात वीस-पंचवीस मिलिमीटर टाकून मोकळा होतो. ओढ्यापलीकडच्या शिवारात धूळ उडत असते. म्हणजे किनाऱ्यावर ऊन असतं तेव्हाच आपल्याकडचा पाऊस सर्वांत तुकड्यातुकड्यांचा होतो, आणि एका यंत्रावर सगळ्या मंडळाचा न्याय करणं तेव्हाच सर्वांत चुकीचं ठरतं. आपण मात्र स्थानिक नोंदींची चर्चा करतो ती ढगफुटीच्या दुसऱ्या दिवशी.

तुकड्यातुकड्यांचा पाऊस म्हणजे काय, हे मुंबईने एकदा फार महागात शिकवलं आहे. 26 जुलै 2005 च्या त्या चोवीस तासांत सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि कुलाब्याला 73. एकच शहर, दोन वेधशाळा, मध्ये पंचवीसेक किलोमीटर. फक्त कुलाब्याचा आकडा हाती असता, तर कागदोपत्री त्या दिवशी मुंबईत बरा पाऊस झाला, एवढीच नोंद राहिली असती. जास्तीच्या पावसाबाबत जे खरं, ते नसलेल्या पावसाबाबतही खरं आहे. फरक एवढाच की कोरड्या दिवसाचे फोटो निघत नाहीत.

नाशिकच्या स्वभावातच हे दिसतं. पुराचं माप आपल्याकडे आहे आणि ते साऱ्या महाराष्ट्राला माहीत आहे: गोदाकाठचा दुतोंड्या मारुती. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीपर्यंत आलं, की शहराला कळतं आज काय होणार. 1969, 2008, 2016 या पुरांच्या आठवणी लोक याच मापात सांगतात. खाली नारोशंकराच्या घंटेपर्यंत पाणी गेलं की ती पिढ्यांची आठवण होते. हे माप अतिशय उत्तम आहे. ते सगळ्यांना दिसतं, त्याला पासवर्ड लागत नाही आणि त्यावर कुणी वाद घालत नाही. पण ते फक्त जास्तीचं माप आहे. वीस दिवस उघडीप पडली तर ती सांगणारा मारुती आपल्याकडे नाही. गावाकडे नक्षत्रांचा हिशेब होता, अजूनही थोडा आहे. पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा पाऊस, कोणतं नक्षत्र कोरडं गेलं हे म्हातारी माणसं बोटांवर सांगायची. त्या हिशेबात कोरडेपणालाही जागा होती. सरकारी दप्तरात मात्र बोटांवरचा हिशेब चालत नाही आणि दप्तराचा हिशेब गावाला दिसत नाही.

आता दप्तराकडे येऊ, कारण खरा पैसा तिथे अडकलेला आहे. महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी धरतात आणि पंचनाम्यांचा रस्ता खुला होतो. 2023 च्या खरिपात पीक विम्यासाठी उलटा निकषही लावला गेला: सलग 21 दिवसांचा खंड पडला आणि अपेक्षित उत्पादन निम्म्याखाली गेलं, तर भरपाईच्या 25 टक्के रक्कम आगाऊ. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर राज्याने 40 तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आपले मालेगाव, सिन्नर आणि येवला होते. पाठोपाठ नोव्हेंबरमध्ये 1,021 महसूल मंडळांना दुष्काळसदृश म्हणून सवलती मिळाल्या. त्यासाठीची अट होती जून ते सप्टेंबरचा पाऊस सरासरीच्या 75 टक्क्यांहून कमी आणि एकूण 750 मिलिमीटरच्या आत. पुढे 2025 मध्ये पीक विम्यातून खंडासारखे निकष निघाले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगांवर आली. पण द्राक्ष-डाळिंबाचा फळपीक विमा अजूनही हवामान केंद्राच्या आकड्यांवरच चालतो. म्हणजे कर्जवसुलीची स्थगिती, वीजबिलातली सूट, मुलांची परीक्षा फी आणि विम्याचा धनादेश या सगळ्यांचं मूळ एका खांबावरच्या यंत्रात आहे.

त्या ‘सलग’ शब्दाची ताकद लक्षात घ्या. अठरा दिवस मंडळभर कोरडे गेले. एकोणिसाव्या दिवशी दुपारी, मघाशी सांगितला तसा एक ढग नेमका केंद्राच्या डोक्यावर फुटला आणि सात मिलिमीटर नोंदले गेले. केंद्र ज्या गावात आहे तिथला पाऊस खरा आहे, यंत्रही खोटं बोललेलं नाही. तरी मंडळातल्या बाकीच्या गावांचा खंड कागदावर तिथेच मोडला. भारतीय हवामानशास्त्र विभाग 2.5 मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच त्या दिवसाला पावसाचा दिवस म्हणतो. हा उंबरठा शास्त्राच्या दृष्टीने ठीकच आहे. पण एवढ्या बारीक उंबरठ्यावर एवढे मोठे निर्णय टेकवायचे असतील, तर तो ओलांडला गेला की नाही हे दहा-पंधरा गावांत मिळून एकाच जागी बघून कसं चालेल?

महावेध प्रकल्पामुळे राज्यातल्या दोन हजारांहून अधिक मंडळांत स्वयंचलित केंद्रं बसली, हे मोठं काम झालं. त्याआधी तालुक्याचा एक आकडा आणि तोही कधी फोनवरून, कधी अंदाजाने, अशी परिस्थिती होती. केंद्र सरकारच्या 2023 मध्ये सुरू झालेल्या ‘विंड्स’ उपक्रमात तर ग्रामपंचायतीपर्यंत पर्जन्यमापक न्यायची योजना आहे. मी त्याच्या विरोधात नाही. माझी शंका क्रमाबद्दल आहे. आपल्याकडे यंत्र बसवण्याचा कार्यक्रम होतो, फीत कापली जाते, आणि नंतर त्याच्या नरसाळ्यात पाखरं घरटं करतात. स्वयंचलित पर्जन्यमापक फार साधा असतो: आत एक छोटं दुतर्फा डोलणारं भांडं, ठरावीक थेंब साचले की ते कलंडतं आणि कलंडण्यांची मोजणी होते. नरसाळं पानांनी तुंबलं की पाणी खाली उतरत नाही, भांडं कलंडत नाही आणि यंत्र रोज इमानदारीने शून्य पाठवत राहतं. शेजारी बाभळी वाढल्या, ग्रामपंचायतीच्या नव्या इमारतीचा मजला चढला, तर पावसाच्या तिरक्या सरी अडतात. अडथळा त्याच्या उंचीच्या किमान दुप्पट लांब असावा, हा साधा नियम आहे. तुमच्या गावातलं केंद्र शोधा आणि डोळ्यांनी बघा, एवढंच सुचवतो.

शून्याचा खरा घोळ इथे आहे. नोंदवहीत 0.0 लिहिलं असेल तर कुणीतरी बघितलं आणि पाऊस नव्हता. रकाना रिकामा असेल तर कुणी बघितलंच नाही. आणि तुंबलेलं यंत्र 0.0 पाठवतं तेव्हा पाऊस पडूनही तो नव्हता असं ठरतं. या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत, पण महिन्याची बेरीज करताना तिन्ही एकच होऊन जातात. अतिवृष्टीच्या वर्षात तुंबलेलं यंत्र शेतकऱ्याला 65 च्या आत अडकवतं. दुष्काळी वर्षात तेच यंत्र उगाच खंड दाखवतं, मग तपासणीला आलेला अधिकारी सगळ्याच मंडळाकडे संशयाने बघू लागतो, आणि ज्याचं खरंच वाळलं तोही त्या संशयात भरडला जातो.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स शहरात जुलै 1997 मध्ये असाच तुटक पाऊस झाला. शहराच्या एका टोकाला साडेतीनशे मिलिमीटरच्या वर, दुसऱ्या टोकाला त्याच्या पासंगालाही न पुरणारा. अधिकृत मापकांनी तो नीट पकडला नाही. पुढच्याच वर्षी तिथल्या हवामान अभ्यासकांनी लोकांच्या अंगणात साधे प्लॅस्टिकचे पर्जन्यमापक बसवून रोजच्या नोंदी घ्यायला सुरुवात केली. आज ते जाळं सगळ्या देशभर आहे. त्यात स्वयंसेवकांना पहिल्या दिवसापासून एक गोष्ट बजावून सांगतात: पाऊस नसेल त्या दिवशीही शून्य भरा. त्याहून जुनं उदाहरण तर आपल्या तहसील कचेरीच्या आवारातच उभं आहे. तो जुना ‘सायमन्स’ पर्जन्यमापक ज्याच्या नावाचा, त्या जॉर्ज जेम्स सायमन्स यांनी 1860 पासून इंग्लंडमध्ये हौशी निरीक्षकांचं जाळं उभं केलं. पाद्री, डॉक्टर, जमीनदार, शाळामास्तर रोज सकाळी भांड्यातलं पाणी मोजून कळवायचे. साहेबाचं भांडं आपण घेतलं, पण ते मोजायचं काम मात्र एकट्या सरकारी कारकुनावर टाकलं.

यावर एक आक्षेप मला नेहमी ऐकू येतो, आणि तो हलका नाही. लोकांच्या हाती नोंद दिली की लोक खोटं लिहितील. विम्याचे पैसे मिळायचे असतील तर कोण प्रामाणिकपणे पाच मिलिमीटर लिहील? मोह होणारच, हे मी नाकारत नाही. पण खोटं कुठल्या नोंदीत सहज खपतं, याचा विचार करा. जो माणूस फक्त नुकसानीच्या दिवशी आकडा घेऊन येतो, त्याच्यावर विश्वास ठेवायला आधार नसतो. जो जूनपासून रोज सकाळी साडेआठला शून्य, शून्य, दोन, शून्य, अकरा असं लिहीत आला आहे आणि ज्याचं पान रोजच्या रोज गावाने बघितलं आहे, त्याला ऑगस्टमध्ये एकदम हात चलाखी करणं अवघड जातं. चार गावांतल्या चार नोंदी शेजारी ठेवल्या की एकटी खोटी नोंद वेगळी पडते. भावकीतल्या भांडणांमुळे एकमेकांवर लक्ष ठेवण्याची आपल्या गावांची क्षमता कुठल्याही लेखापरीक्षकापेक्षा जास्त आहे, ती इथे कामाला येईल. आणि लोकांच्या नोंदीवर थेट पैसे वाटा असं मी म्हणतच नाही. केंद्राचा आकडा आणि गावाची नोंद यांत सारखी तफावत दिसली, तर त्या केंद्राची तपासणी पंधरा दिवसांत झाली पाहिजे, एवढा अधिकार त्या नोंदीला द्या.

दुसरा आक्षेप तंत्रज्ञानाचा. उपग्रह आहेत, रडार आहेत, मोबाइलवर तासातासाचा अंदाज येतो, मग भांड्यात पाणी कशाला मोजायचं? उपग्रह ढगाचा माथा बघतो, रडार हवेतले थेंब बघतं. त्यावरून जमिनीवर किती पाणी पोचलं, हा हिशेबाने काढलेला अंदाज असतो आणि तो हिशेब बरोबर आहे का, हे तपासायला शेवटी जमिनीवरचंच भांडं लागतं. शिवाय अंदाज उद्याविषयी बोलतो. तहसीलदारांसमोर वाद असतो तो गेल्या महिन्याचा.

गंमत अशी की मोजण्याच्या बाबतीत नाशिक मुळात मागास नाहीच. दिंडोरी, निफाड, पिंपळगाव पट्ट्यातल्या किती तरी द्राक्षबागायतदारांनी स्वतःच्या खर्चाने बागेत छोटी हवामान केंद्रं लावली आहेत. पान किती तास ओलं राहिलं, आर्द्रता किती, यावरून डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी ठरते. चुकीची एक फवारणी वाचली तरी केंद्राच्या किमतीतला बराच भाग सुटतो, हे त्यांना कळतं. आणि उन्हाची किंमतही त्यांनाच सर्वांत जास्त कळते. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीच्या डोळ्यात, म्हणजे कोंबाच्या कळीत, घड तयार होतो तो उन्हावर. त्या दिवसांत आभाळ भरून राहिलं की ऑक्टोबर छाटणीनंतर नीट घडाऐवजी गोळी घड (खुरटे घड) आणि बाळ्या (नुसते तणावे) निघतात. 2025 मध्ये मे महिन्यातच पाऊस लागून राहिला, मुंबईत मान्सून 26 मे रोजी दाखल झाला, इतका लवकर तो पूर्वी कधी आल्याची नोंद नाही. त्यानंतरच्या छाटणीला घड का कमी, हे बागायतदारांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पण त्या मे-जूनमध्ये दिंडोरीत रोज किती तास ऊन होतं, हा आकडा सर्वसामान्य माणसाला कुठे मिळतो? वेधशाळेत ऊन मोजायचं जुनं यंत्र असतं, काचेचा भरीव गोळा, त्यातून सूर्यकिरण एकवटून खालचा कागद जळत जातो आणि जळालेल्या रेघेच्या लांबीवरून उन्हाचे तास निघतात. हिवाळ्यात कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राचा पारा किती उतरला, हे वर्तमानपत्रं पहिल्या पानावर देतात. निफाडची थंडी ही बातमी आहे, निफाडचं ऊन नाही.

बागांमधल्या या खासगी केंद्रांचा डेटा कंपन्यांकडे जातो आणि शेतकऱ्याच्या मोबाइलपुरता परत येतो. शेजारच्या बाजरीवाल्याला त्याचा उपयोग नाही आणि तहसीलला तो मान्य नाही. जिल्हा प्रशासनाने, कृषी विभागाने आणि द्राक्ष उत्पादकांच्या संघटनेने बसून निदान पावसाचा दैनिक आकडा सार्वजनिक करण्याची वाट काढावी. फवारणीचा सल्ला ही कंपनीची मालमत्ता असेल, आभाळातून पडलेल्या पाण्याचा आकडा नसावा.

आणि हे केवळ पूर्वेकडच्या तालुक्यांचं दुखणं आहे असं शहराने समजू नये. 15 ऑक्टोबरला जायकवाडीत 65 टक्क्यांहून कमी साठा असला की वरच्या धरणांतून पाणी सोडायचा प्रश्न उभा राहतो. 2023 मध्ये नाशिक-नगरमधून सुमारे 8.6 टीएमसी सोडण्याचा आदेश निघाला, आणि आपल्याकडे आंदोलनं, निवेदनं, कोर्टकचेऱ्या सगळं झालं. त्या भांडणाचं बीज ऑगस्टच्या उन्हात पडलं होतं. पण ऑगस्टमध्ये शहरात त्याची चर्चा नव्हती, कारण गंगापूर धरण बऱ्यापैकी भरलं होतं आणि तेवढा एकच आकडा आपण बघतो. इगतपुरीला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस आणि पन्नास-साठ किलोमीटरवर सिन्नरला पाचशेच्या आसपास, अशा जिल्ह्यात ‘जिल्ह्याची सरासरी’ छापणं हेच मुळात दिशाभूल करणारं आहे. मंडळवार छापा. पावसाचा आकडा आणि त्याखाली कोरडा गेलेला कितवा सलग दिवस, असे दोनच रकाने. केंद्र शेवटचं कधी साफ केलं, ती तारीख तिसऱ्या रकान्यात. हा फलक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर, खडूने लिहिला तरी पुरे.

लिहिणार कोण, हा प्रश्न उरतो. बहुतेक जण शाळेचं नाव घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेत पर्जन्यमापक ठेवावा, मुलं शिकतील वगैरे. कल्पना चांगली आहे, पण शाळेला रविवार असतो, सण असतात आणि मे महिन्यात तर कुलूपच असतं. 2025 नंतर मे सोडून देणं परवडणार नाही. गावात एक माणूस असा असतो ज्याला यातली एकही सुट्टी नाही: ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी. नळाला पाणी सोडायला तो सकाळी फिरतोच. त्याच्या वाटेवर भांडं ठेवा, हातात वही द्या आणि त्याच्या तुटपुंज्या मानधनात त्या कामाचे वेगळे पैसे घाला, नाहीतर महिन्याभरात सगळे रकाने एकाच दिवशी, एकाच पेनाने भरलेले दिसतील.